एका घरातली पाच ताटं कशी मोजावीत

महिन्याला घरात किती धान्य आलं ते विचारायचं, माणसांच्या संख्येनं भागायचं आणि ‘दरडोई आहार’ लिहून मोकळं व्हायचं. गावपातळीवरची बरीच आहार पाहणी एवढ्यावरच थांबते. त्या आकड्यावरून दुकानदाराला विक्रीचा अंदाज येईल, पण घरात कमी कोणाला पडतंय हे कळत नाही.

समजा, घरात पाच माणसं आहेत: जड मजुरी करणारा बाप, पाच महिन्यांची गरोदर आई, चौदा वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि घरीच असणारी आजी. दिवसभरात १,८८० ग्रॅम धान्य शिजलं. सरळ भागाकार केला तर माणशी ३७६ ग्रॅम येतात, पण दोन वर्षांचं पोर तेवढं खाणार कुठून? म्हणून उपभोग एकक वापरतात. बैठं काम करणारा पुरुष म्हणजे १ एकक. मध्यम कष्टाच्या पुरुषाला १.२ आणि जड कष्टाच्या पुरुषाला १.६ धरतात. बाईला याच क्रमानं ०.८, ०.९ आणि १.२. बारा ते एकवीस वयाच्या मुला-मुलींना १, नऊ ते बारा ०.८, सात ते नऊ ०.७, पाच ते सात ०.६, तीन ते पाच ०.५ आणि एक ते तीन वर्षांच्या बाळाला ०.४.

आई मध्यम कष्टाची धरली तर या घराची ४.७ एककं होतात आणि एककामागे ४०० ग्रॅम धान्य येतं. वरवर घर खाऊनपिऊन सुखी दिसतं. हिशेबानं आईच्या वाट्याला ३६० ग्रॅम यायला हवेत. आता तिचं एकटीचं ताट मोजलं आणि २६० ग्रॅमच निघाले, तर घराच्या सरासरीत ते १०० ग्रॅम कुठेच दिसत नाहीत. शिवाय एककाच्या या तक्त्यात गरोदरपणाची वाढीव गरज धरलेलीच नाही.

आणखी एक चूक इथेच होते. “काय काम करता?” या प्रश्नावर बाई “घरीच असते” म्हणते आणि पाहणी करणारा ०.८ लिहितो. पाणी कुठून आणता, सरपण कोण आणतं, निंदणी-खुरपणीला जाता का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बाईच्या कष्टाचा रकाना भरू नका.

कालचं ताट आठवायला लावणं

एकेका माणसाचा आहार काढायची रोजच्या वापरातली पद्धत म्हणजे २४ तासांची आठवण. तिच्यासाठी वाट्या, पळ्या आणि पेल्यांचा ठरलेल्या मापांचा संच जवळ ठेवा. नसेल तर त्याच घरातली वाटी, डाव आणि पेला घ्या आणि मोजपात्रानं पाणी ओतून प्रत्येकाची मिलिलिटर क्षमता लिहून ठेवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा लागतोच.

पहिल्या फेरीत मध्ये न बोलता दिवस ऐकून घ्या: “ताई, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा.” दुसऱ्या फेरीत गाळलेलं शोधा. चहा किती वेळा, त्यात दूध-साखर किती, शेतात शेंगा, बोरं किंवा ऊस खाल्ला का, भाकरीबरोबर ठेचा-चटणी होती का, पोराच्या ताटातलं उरलेलं कोणी संपवलं. तिसऱ्या फेरीत प्रमाण विचारा. भाकरी अख्खी की चतकोर, आमटी कोणत्या वाटीनं, वाटी काठोकाठ की अर्धी.

“डाळ खाता ना रोज?” असं विचारलंत तर “हो” हेच उत्तर मिळणार. कालच्या दिवसाबद्दल विचारा, सवयीबद्दल नको. आठवडी बाजाराचा दिवस, एकादशी-चतुर्थी, गावातलं लग्न आणि श्रावणातले सोमवार हे रोजचे दिवस नव्हेत. अशा दिवसाची माहिती टाकून देऊ नका, पण तशी नोंद बाजूला करा. एका माणसाबद्दल काही ठामपणे म्हणायचं असेल तर लागोपाठ नसलेले तीन दिवस घ्या, त्यात एक सुट्टीचा असू द्या. एकाच दिवसाच्या आठवणीतून शंभर बायकांच्या गटाची सरासरी निघते. त्यावरून एका बाईला “तुमचं लोह कमी पडतंय” असं सांगता येत नाही.

शिजलेल्याचं कच्च्यात रूपांतर करताना सगळ्यात जास्त घोळ होतो. वाटीभर आमटी म्हणजे वाटीभर डाळ नव्हे. घरात १५० ग्रॅम तूरडाळ शिजली, फोडणी आणि पाणी घालून आमटी झाली १,५०० मिलिलिटर. आईनं १५० मिलिलिटरची एक वाटी घेतली, म्हणजे तिच्या पोटात गेली फक्त १५ ग्रॅम डाळ. त्यातून प्रथिनं सव्वातीन ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा ५० किलोकॅलरी. फॉर्मवर ‘डाळ: १ वाटी’ असं लिहिलं की हाच आकडा सहज दुप्पट-तिप्पट फुगतो. भाकरीचंही तसंच. भाकरीचं ‘साधारण’ वजन पुस्तकातून घेऊ नका. नेहमीएवढा पिठाचा गोळा काढायला सांगा आणि पाणी घालण्यापूर्वी ते कोरडं पीठ तोला. एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की भाकरीचा आकार बदलतो.

तेल, मीठ आणि साखर आठवणीत सापडत नाहीत. त्यासाठी महिन्याची खरेदी विचारावी. चार माणसांच्या शहरी घरात महिन्याला ५ किलो तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलातून ३७५ किलोकॅलरी. समोर बसून “आम्ही तेल कमीच खातो” म्हणणाऱ्या घरात हा हिशेब करून पाहावा.

सगळी ताटं तोलायला वेळ नसेल तर विविधता मोजा. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांसाठी दहा गट धरतात: धान्य आणि कंद, डाळी-कडधान्यं, दाणे आणि तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या, इतर फळं. काल यातले किमान पाच आले का, एवढंच पाहायचं. १५ ग्रॅमपेक्षा कमी असलेला पदार्थ धरू नका. नाहीतर फोडणीतली कोथिंबीर पालेभाजी होऊन बसते आणि सगळं गाव पास होतं.

आहाराचे आकडे ज्याच्याशी ताडायचे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२०चे निकष. त्यात बैठ्या पुरुषाला २,११० आणि बैठ्या स्त्रीला १,६६० किलोकॅलरी, मध्यम कष्टाला अनुक्रमे २,७१० आणि २,१३०, जड कष्टाला ३,४७० आणि २,७२०. गरोदरपणात वर ३५०, अंगावर पाजताना पहिल्या सहा महिन्यांत वर ६००. पदार्थांतले घटक त्याच संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांतून घ्या. एकदा घेतलेला तक्ता पाहणी संपेपर्यंत बदलू नका.

दोन वर्षांचा मुलगा

आहार तपासून काय आत गेलं ते कळतं, अंगी किती लागलं ते शरीर मोजल्यावर. जुलाब, जंत आणि ताप या दोन्हींच्या मध्ये असतात.

सगळ्यात आधी वय. “दोन वर्षांचा” हे उत्तर लिहू नका. माता-बाल संरक्षण कार्ड पाहा. नसेल तर पोळ्याच्या आधी की नंतर, होळीला किती महिन्यांचा होता, असं विचारत पूर्ण झालेल्या महिन्यांपर्यंत या. याला एवढा वेळ का द्यायचा, ते एका उदाहरणात कळेल. ६९ सेंटिमीटर लांबीचा मुलगा नऊ महिन्यांचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सामान्य पट्ट्यात बसतो, कारण तिथली खालची रेषा ६७.५ आहे. तोच वर्षाचा लिहिला गेला तर रेषा ७१ होते आणि पोर खुजं ठरतं. तुमच्या नोंदींत १२, २४, ३६ महिन्यांची मुलं अचानक जास्त दिसू लागली तर वयं अंदाजानं लिहिली गेली आहेत, असं खुशाल समजा.

दोन वर्षांच्या आतलं बाळ आडवं झोपवून मोजायचं, पुढचं उभं करून. उलटं करावंच लागलं तर लहान बाळाच्या उभ्या मापात ०.७ सेंटिमीटर मिळवा, मोठ्याच्या आडव्या मापातून तेवढेच वजा करा. आडवं मोजायला दोन माणसं हवीत. एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलके दाबून तळवे सरकत्या फळीला लावायचे. एकट्यानं मोजलेलं बाळ बहुधा कमी भरतं, कारण गुडघा वाकलेला राहतो.

वजनकाटा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवू नका, खाली सपाट फळी घाला. रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासा. स्वेटर, कडी-वाळे, ओला लंगोट उतरवा.

दंडघेर डाव्या दंडावर घ्यायचा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य पेननं खुणावा, मग हात सैल सोडून पट्टी लावा. पट्टी रुतली तर माप कमी येतं, खाली फट राहिली तर जास्त. सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५च्या आत मध्यम. उंचीच्या मानानं वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातल्या −३ रेषेच्या (सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं खाली) खाली असलं तरीही तीव्रच. दंडघेर आणि उंची-वजन ही दोन मापं वेगवेगळी मुलं पकडतात, त्यामुळे एकात सापडलेलं मूल दुसऱ्यात बसत नाही म्हणून यादीतून काढू नका.

शेवटी दोन्ही पायांच्या पाठीवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती कुपोषणाची सूज धरायची आणि मूल थेट तीव्र गटात. अशा वेळी वजनावर विसंबू नका, पाण्यानं ते चांगलं दिसतं.

या वयाचा आहार विचारताना आईला सगळं ठाऊक असेलच असं नाही. अंगणवाडीत ताटात वाढलं किती आणि पोटात गेलं किती हे सेविकेला विचारा, दुपारी पाच रुपयांचं पाकीट कोणी घेऊन दिलं ते आजीला. सहा ते तेवीस महिन्यांसाठी आठ गट असतात. त्यात आईचं दूध हा स्वतंत्र गट, आणि किमान पाच यायला हवेत. वेळाही मोजा. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोनदा, नऊ महिन्यांपासून तीनदा वरचं अन्न हवं. वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे; डाळ खाली राहते, पाणी बाळाला जातं.

चौदा वर्षांची मुलगी

तिला मोठ्या माणसांचा १८.५चा बॉडी मास इंडेक्सचा (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) निकष लावू नका, अर्धा वर्ग कुपोषित निघेल. वयानुसार असलेल्या तक्त्यातच पाहा. तिच्या बाबतीत खरा धोका पंडुरोगाचा आहे. हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्त कमी. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं तर पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. डोळ्याच्या खालच्या पापणीचा फिकेपणा पाहण्यावर मात्र भरवसा ठेवू नका, सौम्य पंडुरोग त्यात निसटतो. पाळी सुरू झाली का आणि न्याहारी होते का, हे मैत्रिणींसमोर विचारू नका.

गरोदर आई

पहिल्या तीन महिन्यांतलं वजन नोंदलेलं नसेल तर नंतर काढलेल्या बॉडी मास इंडेक्सला अर्थ नाही. तेव्हा दंडघेर घ्या. गरोदरपणात तो फारसा बदलत नाही, २३ सेंटिमीटरच्या आत असेल तर जोखीम. उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर प्रसूतीसाठी तेही लिहा. हिमोग्लोबिन ७च्या खाली असेल तर पाहणी बाजूला ठेवून आधी तिला दवाखान्यात पाठवा. लोहाच्या गोळ्या “घेते” या उत्तरावर थांबू नका, रिकामी पाकिटं मोजा आणि गोळी चहाबरोबर जाते का ते विचारा. चहानं लोह नीट शोषलं जात नाही. मिसरी लावते का हेही विचारा, तिनं भूक मरते.

आजी

पाठीला पोक आलेल्या माणसाची उंची मोजून काही हाती लागत नाही, बॉडी मास इंडेक्स फुगलेला येतो. तिच्या पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा, ३१ सेंटिमीटरच्या आत असेल तर स्नायू झिजलेत. तीन महिन्यांत ३ किलोहून जास्त वजन उतरलं का, हे पोलक्याच्या सैलपणावरून विचारता येतं. दात, चावता येणं आणि रात्री नुसता चहा-बिस्कीट खाऊन झोपणं, या तीन गोष्टींतून आजीचा आहार बराचसा कळतो.

बापाचं मोजणं सोपं. वजन, उंची, आणि शहरात असेल तर कंबरही. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर धोका. आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३पासूनच वजन जास्त धरतात.

मोजून झाल्यावर आकडा घरच्यांना सांगून, कार्डावर लिहून मगच उठा. सूज असलेलं, ताप-जुलाब असलेलं किंवा खायलाच तयार नसलेलं तीव्र कुपोषित मूल त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात जायला हवं. जे हिंडतं-फिरतं, भूक असलेलं आहे, त्याला ग्राम बाल विकास केंद्रात ठेवता येतं. मेळघाट, धडगाव किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दुसरी मोजणी भर पावसाळ्यात धरा, घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची दिवाळीनंतर घरं बंद होण्याआधी एकदा आणि टोळी परतल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा काटा तोच आणि मोजणारा हातही तोच असू द्या.