कुंडीतले चाइव्ज टिकत नाहीत? या चुका टाळा

चाइव्ज कांद्याच्याच कुळातले, पण ते मोठा कांदा धरत नाहीत. पात गोल, बारीक, आतून पोकळ. मूळचं हे थंड हवेचं आणि वर्षानुवर्षं टिकणारं झाड. त्याला कोथिंबिरीसारखं वागवलं की बिघडतं.

पहिली चूक बियाण्याची. हे बी वर्ष-दोन वर्षांत उगवणशक्ती गमावतं, त्यामुळे पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या. मे महिन्यात पेरलेलं बहुधा वाया जातं. १५ ते २० अंश तापमान त्याला मानवतं. आपल्याकडे नोव्हेंबर उत्तम. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा आणि दोन-तीन आठवडे धीर धरा. कोंब वाकवलेल्या सुईसारखा, टोक मातीतच ठेवून वर येतो. गवत समजून तो उपटला जातो, म्हणून कुंडीवर चिठ्ठी लावा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कापणीत. लागतील तशी शेंडे खुडायची सवय असते. पण पात वाढते बुडातून. खुडलेलं टोक पुन्हा फुटत नाही, तपकिरी होऊन वाळतं आणि सगळा झुपका केविलवाणा दिसू लागतो. रोप १५ सेंटिमीटर झाल्यावर धारदार कात्रीने, मातीपासून ३ ते ५ सेंटिमीटर सोडून, बाहेरच्या बाजूची पाती कापा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नको.

पात पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात. आधी एक पात हलकेच ओढून पाहा. ती बुडातून सहज निघाली आणि बूड बुळबुळीत, कुबट वासाचं असलं तर मुळं कुजली आहेत. तेव्हा पाणी थांबवा, कुजका भाग काढा, निरोगी फुटवे वाळू आणि गांडूळखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावा. नुसते शेंडे वाळत असतील तर तहान किंवा ऊन. पातीवर चंदेरी चरे दिसले तर फुलकिडे: पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाही हटले तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. खाण्याआधी पात नीट धुवा.

तिशीच्या वर पारा गेला की वाढ मंदावते. म्हणून खत वाढवू नका, कुंडी सकाळच्या उन्हात हलवा. फार उष्ण गावात लसणी चाइव्ज लावणं शहाणपणाचं. चपटी पात, पांढरी फुलं, स्वाद लसणाचा.

दोन-तीन वर्षांनी झुपका दाटतो, पात बारकी होते. तेव्हा गड्डा उकरून चार-पाच फुटव्यांचे भाग वेगळे लावा.

स्वयंपाकात फोडणीत घालू नका, स्वाद उडून जातो. आमलेट, उकडलेला बटाटा, दही, सूप यांवर गॅस बंद केल्यावर चिरून घाला. फुलाचा दांडा चिवट असतो, तो टाकून द्या. जांभळी फुलं मात्र पाकळ्या सुट्या करून सॅलडवर छान लागतात. वाळवून साठवण्यापेक्षा चिरून फ्रीझरमध्ये ठेवा. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी उंचावर ठेवा. कांद्याच्या कुळातली सगळीच पात त्यांना विषारी असते.