'तो खूप प्रेमळ आहे' याला किती गुण द्यायचे?

कादंबरीतल्या पात्रावरच्या उत्तरांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिल्या दहा वह्यांतच एक गोष्ट कळते. मुलांकडे विशेषणं भरपूर आहेत: प्रेमळ, धाडसी, कष्टाळू, स्वाभिमानी. ती पाठही करता येतात. गुण द्यायचे असतात ते त्या विशेषणापर्यंत मूल कसं पोचलं त्या वाटेला, आणि तीच वाट बहुतेक उत्तरांत दिसत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांची उत्तरं तपासताना ती कशी शोधायची, हे क्रमाने सांगतो.

१. काय तपासायचं ते वाचन सुरू होण्याआधी ठरवा

पात्राच्या आकलनात साधारण चार गोष्टी येतात. पात्र काय करतं, काय बोलतं, काय टाळतं हे टिपणं. त्यातून नेमका प्रसंग निवडणं. त्या प्रसंगावरून स्वभावाविषयी अनुमान काढणं. आणि कादंबरीच्या ओघात ते पात्र कुठे, कशामुळे बदललं हे ओळखणं. चौथी गोष्ट कादंबरीतच नीट तपासता येते, कारण चार पानांच्या धड्यात पात्राला बदलायला जागाच नसते.

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत पात्रांचे दोन प्रकार सांगितले, सपाट आणि गोलाकार. एकाच गुणाभोवती बेतलेलं पात्र सपाट. जे पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं, ते गोलाकार. मुलांना या संज्ञा शिकवल्या नाहीत तरी चालेल, शिक्षकाने मात्र प्रश्नासाठी पात्र निवडताना ही कसोटी लावावी. सपाट पात्रावर विश्लेषणाचा प्रश्न विचारला तर हुशार मूलही दोन ओळींत संपतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

२. प्रश्न बदला

'अमुकचे स्वभावचित्रण करा' या प्रश्नाला विशेषणांची यादीच मिळणार. प्रश्नानेच ती मागितलेली असते. त्याऐवजी एखादी निवड, विसंगती किंवा बदल विचारा. 'ती खरं सांगू शकत होती, तरी गप्प का राहिली?' किंवा 'पहिल्या प्रकरणातला तो आणि शेवटच्या प्रकरणातला तो यांत काय सारखं उरलं आहे?' असे प्रश्न गाईडमध्ये सापडत नाहीत, हा आणखी एक फायदा.

पुस्तक समोर ठेवू द्या. स्मरणशक्ती तपासायची असेल तर वेगळी चाचणी घ्या.

३. छोटा गुणतक्ता करा

निरीक्षण, पुरावा, अनुमान आणि बदल या प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १२. यापेक्षा मोठा तक्ता केला की तपासणारा तिसऱ्या वहीनंतर तो बघायचंच सोडतो. शुद्धलेखन आणि भाषा यांचे गुण वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर सुबक अक्षर अनुमानाचे गुण खाऊन जातं.

हे मी अनुभवाने शिकलो. एका मुलाच्या ओघवत्या उत्तराला मी जवळजवळ पूर्ण गुण दिले होते. नंतर सहज विचारलं, 'हे तुला कुठल्या प्रसंगावरून वाटलं?' तर त्याला एकही प्रसंग सांगता येईना. उत्तर परत वाचलं, तर त्यात खरंच एकही प्रसंग नव्हता. मी भाषेलाच भुललो होतो.

४. नमुना उत्तरं समोर ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तक्त्यातले 'समाधानकारक' आणि 'उत्तम' हे शब्द प्रत्येक तपासनिसाला वेगळे ऐकू येतात. प्रत्यक्ष उत्तरं समोर असली की वाद कमी होतो. समजा, कादंबरीतली मुलगी वडिलांचं आलेलं पत्र न उघडता उशीखाली ठेवते आणि घरात सांगते की पत्र आलंच नाही. ती अशी का वागली?

पहिलं उत्तर: 'ती खोटारडी आहे.' हा नुसता शिक्का आहे. अनुमानाला ०.

दुसरं: 'तिने पत्र लपवलं आणि आलं नाही असं सांगितलं, म्हणून ती खोटारडी आहे.' प्रसंग आहे, 'म्हणून'ही आहे. पुराव्याला २. पण अनुमान प्रसंगाच्या पुढे गेलेलं नाही, कृतीलाच दुसरं नाव दिलं आहे. त्याला १.

तिसरं: 'तिने पत्र लपवलं, पण फाडलं नाही आणि वाचलंही नाही. म्हणजे आत काय लिहिलंय याची तिला भीती वाटते, आणि तरी ते जवळ असावं असंही वाटतं.' न घडलेल्या गोष्टीही या मुलाच्या नजरेतून सुटल्या नाहीत. पुराव्याला ३, अनुमानाला ३. वाक्य थोडं अडखळलं असलं तरी.

मधलं एक उत्तर नेहमी गोंधळात टाकतं: 'ती बिचारी आहे, मलाही माझ्या बाबांची आठवण येते.' हा प्रतिसाद खरा आहे, त्याची थट्टा नको. पण ते मूल स्वतःविषयी बोलतंय, पात्राविषयी नाही. 'तुला तसं वाटतं हे तिच्या कोणत्या कृतीमुळे?' असं विचारून त्याला पुस्तकाकडे परत आणा.

आणि तुमच्या मनातल्या उत्तरापेक्षा वेगळं, पण पुराव्यावर उभं असलेलं उत्तर आलं, तर गुण कापू नका. मुलाने दाखवलेला प्रसंग पुस्तकात काढून बघा. कधी कधी मूलच बरोबर निघतं.

५. तपासताना

नाव झाकून तपासा. एका वहीतले सगळे प्रश्न संपवण्याऐवजी सगळ्या वह्यांतला एक प्रश्न आधी संपवा, म्हणजे माप सरकत नाही. शेवटी पहिल्या पाच वह्या पुन्हा बघा. सहकारी असेल तर तीच पाच उत्तरं त्यांच्याकडूनही तपासून घ्या; दोन गुणांहून जास्त फरक पडला तर तक्त्यातला शब्द दुरुस्त करा.

६. कमी लिहिणाऱ्यांचं तोंडी ऐका

काही मुलांना समजलेलं असतं, कागदावर उतरत नाही. पाच मिनिटं बोला. 'असं का वाटलं?' आणि 'उलट कुणी म्हणालं तर?' हे दोन प्रश्न पुरतात. तक्ता तोच वापरा.

७. शेरा आधी, गुण नंतर

शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रुथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते फक्त शेरे मिळालेल्यांचं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. म्हणून वही परत देताना गुण लिहू नका, तुमच्या नोंदवहीत ठेवा. 'छान' किंवा 'अधिक खोलात जा' असले शेरेही टाळा. खोलात जायचं म्हणजे नेमकं कुठे, हे मुलाला कळत नाही. समासात एकच प्रश्न लिहा: 'तिने पत्र फाडलं का नाही?' मुलांना तेवढाच एक परिच्छेद नव्याने लिहू द्या, दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचा, आणि मगच गुण सांगा.