चॅटबॉटमध्ये वापरकर्त्याचं मॉडेल कसं बांधावं

युनिक्स या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलच्या प्रश्नांना साध्या इंग्रजीत उत्तरं देणारी ‘युनिक्स कन्सल्टंट’ ही प्रणाली १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तयार झाली. विचारणाऱ्याला किती येतं याचा अंदाज, म्हणजेच वापरकर्त्याचं मॉडेल, बांधणारा तिचा ‘नोम’ हा भाग डेव्हिड चिन यांनी रचला. मदतीचा चॅटबॉट करताना आजही त्याच आराखड्यापासून सुरुवात करावी. तो आटोपशीर आहे आणि अंदाज फसला तर कुठे फसला ते शोधता येतं.

आधी विषयातली माहिती चार गटांत लावा: सोपी, नेहमीची, अवघड, क्वचित लागणारी. वापरकर्त्यांच्याही चार पायऱ्या करा, नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. नवख्याला सोप्यातलं थोडंसंच येतं. तज्ज्ञाला सोपं आणि नेहमीचं सगळं, अवघडातलंही बरंचसं. हा तक्ता असला की प्रत्येक माणसाची वेगळी यादी करावी लागत नाही.

आता प्रश्न नीट वाचा. ‘आयनोड क्रमांक कसा बघू?’ (आयनोड म्हणजे युनिक्समध्ये फाइलची माहिती ठेवणारी नोंद) असं विचारणाऱ्याला तो बघायची आज्ञा ठाऊक नाही, पण आयनोड ठाऊक आहे. फाइल म्हणजे काय हे त्याला समजावू नका. मात्र एका प्रश्नावरून पायरी पक्की करू नका, तज्ज्ञही साधी आज्ञा विसरतो. वापरकर्त्याबद्दलच्या प्रत्येक नोंदीसोबत पुरावा आणि खात्री लिहा. माणसाने स्वतः सांगितलेलं नेहमी अंदाजाच्या वर. विरुद्ध पुरावा आला की अंदाज मागे घ्या.

सर्वांत जास्त घोळ चुकीच्या समजुतीवर उभ्या प्रश्नांत होतो. ‘रद्द केलेल्या ऑर्डरचे पैसे कधी येतील?’ असं कुणी विचारलं आणि ऑर्डर रद्दच झालेली नसेल, तर ‘सात दिवसांत’ हे उत्तर त्याला फसवतं. आधी समजूत तपासा: ‘ऑर्डर अजून चालू आहे, रद्द करायची का?’

मराठीत क्रियापदावरून लिंग ठरवायचा मोह टाळा. कोल्हापूरकडे अनेक बायका ‘मी आलो’ म्हणतात. ‘तुम्ही अर्ज भरलात का?’ अशी रचना ठेवली की लिंग कळायची गरजच उरत नाही. ज्या नोंदीने उत्तर बदलत नाही, ती ठेवूच नका.

घरात एकच फोन अनेकांच्या हातात असतो. म्हणून पायरीचा अंदाज त्या संभाषणापुरताच ठेवा. पुढच्या वेळेसाठी फक्त भाषेसारखी सांगून घेतलेली पसंती जपा, आणि तीही वापरकर्त्याला बघता व बदलता येऊ द्या.