बाबा गेले त्या आठवड्यात: आई, मैत्रीण आणि बीजगणिताचा पेपर

मार्चचा पहिला रविवार. पहाटे पावणेपाचला साताऱ्याहून दादाचा फोन आला. "बाबा गेले गं. निघ." आतल्या खोलीत माझा मुलगा बीजगणिताची वही उशाशी घेऊन झोपला होता. बुधवारी त्याचा दहावीचा पेपर होता. शनिवारी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या लेकीचा साखरपुडा होता, आणि मी ज्या पतसंस्थेत काम करते तिथे 31 मार्च तोंडावर आलेला. त्या आठवड्यात मी काय केलं, कुठे चुकले आणि काय जमलं, ते सगळं लिहून ठेवतेय. कुणाच्या घरी असा फोन येईल तेव्हा यातलं थोडं जरी उपयोगी पडलं तरी मला बरं वाटेल.

निघण्याआधीची पंधरा मिनिटं

गाडी स्वतः चालवू नका. ह्यांनी चालवली, आणि खंबाटकीच्या अलीकडे दोनदा थांबवली.

घरात मूल असेल तर त्याला उठवा आणि सरळ शब्दांत सांगा. "आजोबा वारले." देवाघरी गेले, बरं नाहीये, असलं काही नको. एका नातेवाइकांनी फोनवर मला सुचवलं, परीक्षा होईपर्यंत पोराला काही कळू देऊ नका. मी ऐकलं नाही, आणि ते योग्यच केलं असं आजही वाटतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापासून ही गोष्ट लपवली तर पुढे तो आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. मी त्याला विचारलं, "येतोस, की थांबतोस?" तो म्हणाला, "येतो. वही घेतो बरोबर." सोमवारी संध्याकाळी ह्यांच्याबरोबर परत पुण्याला आला. मंगळवारचा अख्खा दिवस त्याला अभ्यासाला मिळाला. तेवढा पुरला.

बॅगेत आधारकार्ड, स्वतःची औषधं, चार्जर आणि दोन साधे सुती ड्रेस भरा. बाकी सगळं तिथे मिळतं.

कामावर एकच मेसेज पाठवा, एकाच माणसाला. मी असा पाठवला: "माझे वडील आज पहाटे वारले. मी साताऱ्याला निघाले आहे. तेरावा झाल्यावर सोमवारी कामावर येईन. कर्जखात्यांच्या फायली डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. फारच अडलं तर संध्याकाळी सहा ते साडेसहा फोन करा." वेळ लिहिली म्हणून इतर वेळी फोन आले नाहीत. आमच्याकडे अशा प्रसंगाची वेगळी रजा नाही, हक्काच्या रजेतून दिवस गेले. त्याची चौकशी मी परत आल्यावर केली, त्या पहाटे नाही.

पहिला दिवस

बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता. हे काम मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, त्यामुळे दादाने मला फोन करायच्या आधी नेत्रपेढीला केला होता. डॉक्टर येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. वहिनीने हे सगळं एकटीने केलं. मी पोचले तेव्हा डॉक्टरांचं काम उरकून ते निघत होते. चेहरा होता तसाच होता. आई सारखी म्हणत होती, "बघ, काही कळत तरी आहे का?" तुमच्या घरात कुणाची अशी इच्छा असेल तर नेत्रपेढीचा नंबर आजच सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. त्या घटकेला शोधत बसायला हात चालत नाहीत.

मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लगेच घ्यावं लागतं, त्याशिवाय पुढचं काही होत नाही. नोंदणीची मुदत 21 दिवसांची असते, पण आम्ही पहिल्याच आठवड्यात उरकली. अर्ज भरताना नाव आधारवर आणि पेन्शनच्या कागदावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर पडताळून घ्या. आमच्या पहिल्या दाखल्यावर बाबांच्या नावातला एक काना राहून गेला आणि दादाला पुन्हा अर्ज करावा लागला. प्रती सात-आठ काढा. बँक, पेन्शन, विमा, वीजजोडणी, सगळीकडे लागतात.

दुपारी शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, ही आमच्याकडची रीत. ती कुणी का पाडली असेल ते मला त्या दिवशी समजलं. कुणाच्याच अंगात कांदा चिरायचं बळ नव्हतं.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला काम द्या

प्रत्येक जण हे म्हणतो आणि बहुतेकांना ते मनापासून वाटत असतं. आपण मात्र "हो हो, सांगते" म्हणतो आणि सांगत काहीच नाही. सोमवारी सकाळी मी शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर कामं लिहिली. रोज चार लिटर दूध: चुलतभाऊ. दुपारी चार ते सहा चहा: काकू. फोन घेणं आणि दशक्रियेची वेळ सांगणं: दादाचा मित्र. चपला नीट लावणं, पाणी देणं: वरच्या मजल्यावरची दोन कॉलेजची मुलं. त्या मुलांना इतकं बरं वाटलं, की ती तेराव्यापर्यंत रोज आली. शेवटच्या पानावर खर्च. दशक्रियेचं सामान, गुरुजींची दक्षिणा, भाड्याची भांडी. रक्कम आणि कुणी दिली ते तिथल्या तिथे लिहायचं. पैशांवरून भावंडांत कडवटपणा यायला एवढीशी चिठ्ठी हरवलेली पुरते.

या वहीतही एक ओळ राहिली. मंगळवारी रात्री आईला गरगरायला लागलं. मी तिच्या गोळ्यांचा डबा उघडला. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर ती दर आठवड्याला पेनने वार लिहिते. रवि, सोम, मंगळ, तिन्ही गोळ्या जागेवर. घरात पंधरा माणसं, सगळ्यांनी तिला जवळ घेतलं, आणि गोळी कुणीच दिली नाही. तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत हे लिहा: आईच्या, किंवा जे मागे राहिलंय त्यांच्या, गोळ्या कोण देणार.

दुसरी गोष्ट तिच्या झोपेची. दुपारी एक ते चार दार लावून घेतलं आणि बाहेर कागद चिकटवला, "आई झोपली आहे, कृपया चारनंतर यावे." एक-दोघांच्या कपाळाला आठी पडली. पडू दिली.

आई तेच तेच सांगते तेव्हा

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई पहिल्यापासून सांगायची. रात्री दूध प्यायले, तीनला पाणी मागितलं, मी दिवा लावला, मग हाक मारली तर ओ नाही. दिवसातून पंधरा-वीस वेळा. पहिले दोन दिवस मी तिला थांबवायची, "आई, पुरे, दमशील." मग लक्षात आलं की दर खेपेला त्यात एखादा नवा तपशील येत होता. तिलाच ते हळूहळू कळत होतं. नंतर मी थांबवणं सोडलं. फक्त तिच्या शेजारी आळीपाळीने कुणीतरी बसायचं, म्हणजे एकाच माणसाला दिवसभर ऐकावं लागत नाही. ऐकणाराही पोखरला जातो.

तुम्हाला स्वतःला रडायला जागा लागेल. मंगळवारी संगम माहुलीला रक्षाविसर्जन झालं. कृष्णेच्या पाण्यात उभी असताना माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि ते बघून एक आत्या कुजबुजल्याही. घरी आल्यावर बाबांच्या टेबलाचा खण उघडला. त्यात त्यांचं कानाचं मशीन होतं, चालूच राहिलेलं. मुठीत धरल्याबरोबर ते बारीक शिट्टी मारायला लागलं. बाबा ते कानात बसवताना रोज सकाळी हीच शिट्टी वाजायची आणि आम्ही स्वयंपाकघरातून ओरडायचो, "बाबा, नीट बसवा!" मी मशीन तसंच हातात घेऊन गच्चीत गेले आणि टाकीच्या आड बसून रडले. किती वेळ ते माहीत नाही. वहिनीने पाहिलं असणार, पण तिने कुणालाही वर येऊ दिलं नाही. घरात अशी एक व्यक्ती आधीच ठरवून ठेवा. "मी वर जातेय" म्हटलं की तिने बाकीच्यांना सांभाळायचं.

मैत्रिणीला वगळू नका

इथे माझी मोठी चूक झाली. तिच्या घरी कार्य, आपल्या घरी सुतक, म्हणून मी तिला रविवारी फोनच केला नाही. तिला दुसऱ्याकडून कळलं. सोमवारी रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "तुझ्या बाबांनी मला सायकल शिकवली. आणि मला कळवलंही नाहीस?" साखरपुड्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मी तिच्यापासून दुःख लपवत होते, ती माझ्यापासून आनंद, आणि दोघी एकमेकींना परक्या झालो होतो.

मग मीच विषय काढला. "शनिवारचं सगळं ठरल्याप्रमाणे होऊ दे. साडी कुठली घेतलीस लेकीला?" ती गप्प झाली, मग म्हणाली, "आंबा कलर." पाच मिनिटं आम्ही साडीवर बोललो. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली. शोक तुमच्या घरी असेल तर समोरच्याच्या शुभकार्याचा विषय तुम्हीच आधी काढा. तो त्याला काढता येत नाही.

तिलाही काम दिलं, एकच. बुधवारी ह्यांची सकाळची पाळी होती. पेपर अकराला, वर्गात साडेदहाला बसायचं, तर दहाला माझ्या लेकाला केंद्रावर सोडायचं. तिने सोडलं, आणि जाताना हॉल तिकीट, दोन पेनं, कंपास नीट पाहिलं. तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. तिने त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

तुम्ही अशी मैत्रीण असाल तर एवढं करा. "कशी आहेस?" ऐवजी "जेवलीस का?" विचारा, कारण त्याचं उत्तर देता येतं. ती मला रोज रात्री नऊला फोन करायची. कधी दोन मिनिटं, कधी नुसताच फोन चालू आणि ती तिकडे भाजी निवडतेय.

शनिवार

लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं, असं आमच्याकडे मानतात. दादाला दहा दिवस, मला तीन. एरवी मला याचा राग येतो. मुलीचं नातं तीन दिवसांत कसं काय आटोपतं? पण त्या आठवड्यात आईनेच तो नियम माझ्यासाठी वापरला. गुरुवारी म्हणाली, "तुझं झालंय. जा पुण्याला. उद्या पोराचा भूमितीचा पेपर आहे, आणि परवा तिच्या लेकीला भेटून ये. हे असते तर त्यांनीच तुला पिटाळलं असतं."

गुरुवारी संध्याकाळच्या विनाथांबा एसटीने स्वारगेटला आले. त्या दोन-अडीच तासांत माझ्याशी कुणी बोललं नाही, कुणी चहा विचारला नाही. आठवड्यातला तेवढाच वेळ माझा एकटीचा होता. तुम्हालाही असा प्रवास करावा लागला तर फोन पर्समध्ये ठेवा आणि खिडकीशी बसा.

शुक्रवारी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी राहिले. लेक बाहेर आला आणि म्हणाला, "रचना आली. आजोबांनी दिवाळीत करून घेतली होती तीच." बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते.

साखरपुड्याच्या हॉलवर मी गेले नाही. तिथे चारचौघांनी "कसं झालं गं?" विचारलं असतं आणि तिच्या लेकीच्या दिवसाचा माझा दिवस झाला असता. आदल्या रात्रीच मैत्रिणीला सांगून ठेवलं, "सकाळी आठला घरी येते, अर्धा तास थांबते." गेले, मुलीच्या केसांत गजरा माळला, तिला जवळ घेतलं. मैत्रिणीने माझ्या हातात डबा दिला, आईसाठी मऊ भात आणि मेतकूट. साडेआठला निघाले. जायचं तर किती वेळ ते आधी सांगा आणि तेवढ्याच वेळात उठा. जाववत नसेल तर जाऊ नका, पण फोन करा. दोन्हीत प्रेम सारखंच आहे.

कुठली कामं त्या आठवड्यात करायची नाहीत

कपाट आवरायचं नाही. कपडे कुणाला द्यायचे ते ठरवायचं नाही. घर कुणाच्या नावावर, मृत्युपत्र आहे का, असं कुणी विचारलंच तर "तेराव्यानंतर बोलू" एवढंच सांगा, आणि सगळ्या भावंडांनी हेच सांगा. एक गोष्ट मात्र थांबवू नका. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा आणि त्यांच्या एटीएम कार्डाला हात लावू नका. मृत्यूनंतरच्या काळाची जमा झालेली पेन्शन परत करावी लागते, आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचा अर्ज त्याच खेपेला मागून घेता येतो.

रविवारी संध्याकाळी मी साताऱ्यात होते. भेटायला येणारी माणसं कमी झाली होती. दूध दोन लिटरवर आलं होतं. आईने मऊ भातातला शेवटचा घास संपवला, हात धुतले आणि म्हणाली, "ते कानाचं मशीन तुझ्याकडे आहे ना? आण." मी पर्समधून काढून दिलं. तिने ते तळहातावर घेतलं, मूठ मिटली, शिट्टी वाजू दिली. मग विचारलं, "याचा सेल कुठून काढतात?" मी झाकण दाखवलं. तिने नखाने ते स्वतः उघडलं, सेल काढून टेबलावर ठेवला आणि मशीन बाबांच्या चष्म्याच्या घरात ठेवून दिलं.