फिलिपीन्समध्ये वादळ-भूकंपानंतर मदतीला जाताय? मग या चुका टाळा

दावाओ, सेबू, मनिला इथे एमबीबीएसला आलेली महाराष्ट्रातली पोरं आता कमी नाहीत, आणि मोठं वादळ किंवा भूकंप झाला की त्यातल्या चार-पाच जणांचे मेसेज येतातच, ताई आम्हाला पण शिबिरात यायचंय, लोकांचं काउन्सेलिंग करायचंय. मन चांगलं आहे, त्यात शंकाच नाही. पण २०२१ च्या डिसेंबरात ओडेट वादळानंतर मी सेबूत हेच करायला गेले होते आणि तेव्हा जे चुकलं ते अजून टोचतं, म्हणून हे लिहितेय.

ओडेट आलं १६ डिसेंबरला. नाताळाआधीच्या नऊ पहाटेच्या मिसा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, सुरू होतात तोच दिवस. वीज गेली, नळ बंद, पाण्यासाठी आणि पेट्रोलसाठी तासन्‌तास रांगा. एका शाळेत एकेका वर्गात सात-आठ कुटुंबं राहत होती, तिथे मी एका लोलाजवळ बसले, लोला म्हणजे आजी, आणि सरळ विचारलं की त्या रात्री काय काय झालं ते सगळं सांगा, बोललं की हलकं वाटतं. तिने सांगायला सुरुवात केली, पत्रा उडाला, नातवाला पोटाशी धरून टेबलाखाली बसली, आणि तिथेच तिचे हात थरथरायला लागले, श्वास लागला, आणि पुढे काय करायचं हे मला येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिची सून म्हणाली, आई रात्रभर बसून होती.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, उकरून काढणं. बोलून मोकळं होतं माणूस, खरंय, पण कधी आणि कुणाजवळ हे त्याने ठरवायचं असतं. पूर्वी आपत्तीनंतर लोकांना एकदाच बसवून सगळा प्रसंग वदवून घ्यायची पद्धत होती, डीब्रीफिंग म्हणायचे तिला, आता जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की हे करू नका. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार करतात आणि त्यात तीनच गोष्टी, बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे कुणाला आत्ता कशाची गरज आहे, ऐका म्हणजे तो जेवढं बोलेल तेवढंच, आणि जोडून द्या म्हणजे पाणी, औषध, हरवलेला भाऊ, फोन चार्जिंग, जे लागेल तिथपर्यंत त्याला पोचवा. यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही.

आणि सुरुवात कशी करायची म्हणाल तर इथलेच लोक करतात तशी. सेबूत विचारतात 'निकाओन ना का?', तिकडे मनिलाकडे 'कुमाइन का ना बा?', दोन्हीचा अर्थ जेवलीस का, जेवलास का. आपल्याकडे पण आजारी माणसाकडे गेलं की पहिलं हेच विचारतात ना. मग झोप लागते का विचारा. वयाने मोठ्या बाईला आते, पुरुषाला कुया म्हणा, म्हणजे ताई आणि दादा, नुसत्या नावाने हाक मारू नका.

शब्दांवरून दुसरी चूक. लेते बेटावरच्या टॅक्लोबान शहरात ८ नोव्हेंबर २०१३ ला योलांडा, म्हणजे जगाला हैयान म्हणून माहीत असलेलं वादळ, आलं तेव्हा इशारा दिला होता, पण त्यात 'स्टॉर्म सर्ज', म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी, असा शब्द होता आणि बऱ्याच जणांना तो कळलाच नाही, नंतर लोक म्हणाले की त्सुनामीसारखी लाट म्हणाला असतात तर पळालो असतो. सरकारी आकडा ६,३०० मृत्यूंचा, शिवाय हजाराहून जास्त बेपत्ता. परका शब्द एवढा महाग पडू शकतो. मग तुम्ही त्याच लोकांसमोर 'ट्रॉमा' (मनाला बसलेला धक्का), 'पीटीएसडी' (त्या धक्क्यानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) म्हणत बसलात तर काय होणार? मेंटल हे नाव काढलं की माणूस उठून जातो, कारण बिसाया भाषेत 'बुआंग' म्हणजे वेडा आणि तो शिक्का घरादारावर बसतो. आणखी एक, टॅक्लोबान आणि शेजारच्या समार बेटाकडे वाराय बोलतात, सेबूत बिसाया, सगळीकडे टागालोग किंवा इंग्रजी चालेल असं धरून चालू नका, रडताना माणूस आपल्या भाषेतच रडतो, तेव्हा दुभाषा म्हणून तिथल्याच कुणाला तरी बरोबर घ्या, पण लहान मुलाला दुभाषा करू नका.

पहिल्याच आठवड्यात पीटीएसडी झालाय असं ठरवून टाकणं ही पण चूकच. दचकणं, झोप न लागणं, लाटेची स्वप्नं, उगाच चिडणं हे त्या दिवसांत जवळपास सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. वैद्यकीय शिक्षण घेताय म्हणून झोपेच्या गोळ्या वाटू नका, पहिल्या महिन्यात या त्रासासाठी त्या देऊ नयेत असाच सल्ला आहे. उलट ज्याला आधीपासून फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू होती आणि ती पुरात वाहून गेली त्याला शोधा, त्याची गोळी अचानक थांबणं खरंच धोक्याचं आहे आणि नेमकी त्याच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

आता हसण्याबद्दल. गुडघाभर चिखलात उभी असलेली माणसं फोटोसाठी हसतात, कॅराओके लावतात, आणि बाहेरचे म्हणतात वा, काय चिवट लोक आहेत. हे ऐकून इथले लोक आता वैतागलेत हो. चिवट म्हटलं की मदत कमी दिली तरी चालते, धरण-नाल्याचा जाब विचारायची गरज उरत नाही. आणि 'ओके लांग' हे उत्तर म्हणजे ठीक आहे असं नसतं, त्याच्यामागे हिया असते, म्हणजे संकोच, दुसऱ्यावर आपलं ओझं नको ही लाज. 'बाहाला ना' म्हणाले की लोकांना वाटतं दैवावर सोडून मोकळे झाले, पण मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेडो लागमाय यांनी दाखवलं की पुढचं काहीच दिसत नसताना उडी घ्यायची तयारी असाही त्याचा अर्थ आहे. तो शब्द ऐकून सुस्कारा टाकू नका.

देवाची इच्छा होती, बाकीचे वाचले ना, असलं काही स्वतःहून बोलू नका. ते स्वतः प्रार्थना करत असतील तर शेजारी गप्प बसा, बास. १७ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस टॅक्लोबानला आले होते, पुन्हा वादळच चालू, ते पिवळ्या रेनकोटमध्ये, आणि त्यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून साधारण एवढंच सांगितलं की तुम्हाला काय म्हणू मला कळत नाही. लाखोंचा जनसमुदाय समोर असताना पोपना हे म्हणता येतं तर आपल्याला का नाही?

मृतदेह न सापडलेल्या घरांशी तर फार जपून. माणूस गेल्यावर इथे नऊ दिवसांची प्रार्थना असते, पासियाम, मग चाळीसावा दिवस, पण देहच नाही तर ते मोजायचं कुठल्या दिवसापासून? टॅक्लोबानच्या बास्पर भागात सामूहिक दफनभूमी आहे, तिथे पांढऱ्या क्रुसांच्या रांगा आहेत आणि खाली कोण आहे हे माहीत नसताना लोक एखादा क्रूस आपला मानून त्यावर नाव लिहितात, दर ८ नोव्हेंबरला मेणबत्त्या लावतात. तेव्हा 'आता पुढे बघा' कुणी म्हणायचं नाही.

वीज, शौचालयाजवळ दिवा, बायकांसाठी आडोसा, खरी माहिती, ही कामं मानसिक आरोग्याची नाहीत असं समजणं पण चूक. आपत्तीत मानसिक आधार कसा द्यायचा याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २००७ मध्ये आल्या, त्यात या मदतीचा चार थरांचा पिरॅमिड आहे आणि पायाला सुरक्षितता नि मूलभूत गरजाच आहेत, तज्ज्ञ अगदी टोकाला. रात्री अंधारात संडासला जायची भीती वाटणाऱ्या मुलीला तुमच्या रंगीत खडूंच्या सेशनने काय होणार?

बरांगायच्या, म्हणजे इथल्या वॉर्ड-गावपातळीच्या, आरोग्यसेविका, शिक्षिका, नर्स यांना विसरू नका. घर त्यांचंही गेलेलं असतं, आणि आठवड्याभराने त्या यादी घेऊन रांगेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असतात. एखादी दुपार त्यांची यादी तुम्ही धरा.

एक आपत्ती संपली की काम संपलं हेही इथे खरं नाही. सेबूत ३० सप्टेंबर २०२५ ला ६.९ चा भूकंप झाला, लोक रस्त्याकडेला तंबूत, आणि ४ नोव्हेंबरला टिनो वादळाचा पूर. अशा वेळी पाऊस सुरू झाला की लहान मुलं आईचा पदर सोडत नाहीत, त्यांना भित्रा म्हणू नका, वारा किती आहे, पाणी आलं तर कुठे जायचं, हे त्यांच्या भाषेत आधीच सांगा. आणि मंगळवारी येते म्हणालात तर मंगळवारी जा, नाहीतर म्हणूच नका.

जो मरायचं बोलतोय, दिवसेंदिवस खात नाही, बाळाकडे बघत नाही, किंवा दारू अचानक वाढलीय, त्याची गोष्ट तुमच्यापुरती ठेवू नका. राष्ट्रीय मानसिक आरोग्य केंद्राची हेल्पलाइन १५५३ चोवीस तास असते. वादळानंतर फोन लागत नाही बऱ्याचदा, मग बरांगायच्या आरोग्यसेविकेला तिथेच बोलावून घ्या आणि ती येईपर्यंत त्या माणसाजवळून हलू नका.