स्पिन-ऑफचा शेवट जमला की नाही, हे कसं जोखायचं

मूळ मालिकेतलं एखादं पात्र उचलून नवी मालिका, म्हणजे स्पिन-ऑफ, काढली की तिच्या शेवटाला दोन ओझी वाहावी लागतात. स्वतःच्या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायचा, आणि मूळ मालिकेत आधीच सांगून झालेल्या गोष्टींना धक्का लागू द्यायचा नाही. त्यामुळे साध्या मालिकेच्या शेवटाला लावतो तो काटा इथे चालत नाही. खालची पद्धत मुख्यतः ‘ब्रेकिंग बॅड’मधून निघालेल्या ‘बेटर कॉल सॉल’वर चालवून दाखवली आहे. जोडीला ‘फ्रेझर’ (‘चीअर्स’मधून निघालेली), ‘एंजल’ (‘बफी’मधून) आणि ‘यंग शेल्डन’ (‘द बिग बँग थिअरी’तून) येतील. चारही मालिकांचे शेवट इथे उघड होणार आहेत. पाहायच्या राहिल्या असतील तर आधी पाहून घ्या.

आधी वही, मग शेवटचा भाग

सर्वात सामान्य चूक म्हणजे शेवटचा भाग पाहून लगेच मत बनवणं. आधी पहिला भाग पुन्हा पाहा आणि प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक ओळ लिहा: या माणसाला काय हवंय, आणि ते मिळवताना त्याच्यातलं काय आड येतंय? एकच ओळ. दोन लागत असतील तर मालिकेचा प्रश्न अजून हाती लागलेला नाही, पहिल्या हंगामाचे आणखी दोन-तीन भाग पाहा.

‘बेटर कॉल सॉल’ फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली आणि 15 ऑगस्ट 2022 ला संपली. सहा हंगाम, 63 भाग. एवढं सगळं पुन्हा पाहणं कुणालाच परवडणार नाही. त्यामुळे एवढे निवडा: पहिल्या हंगामाचा पहिला आणि नववा भाग, दुसऱ्याचा पहिला, तिसऱ्याचा पाचवा आणि दहावा, चौथ्याचा आणि पाचव्याचा शेवटचा, आणि सहाव्याचे सातपासून तेरापर्यंतचे सगळे. एकूण चौदा भाग, म्हणजे रोज दोन पाहिले तर आठवड्याचं काम.

पहिल्या हंगामाच्या नवव्या भागात जिमी मॅकगिलला, म्हणजे पुढच्या सॉल गुडमनला, कळतं की आपल्याला वकिलांच्या फर्ममध्ये घेऊ नये म्हणून पडद्यामागून सूत्रं हलवणारा आपला सख्खा मोठा भाऊ चक होता. वहीतली ओळ इथे सापडते: जिमीला चककडून खरा वकील म्हणून मान हवाय, आणि आड येते ती त्याची हातचलाखीची सवय. ‘तो सॉल गुडमन कसा झाला’ हा प्रश्न जाहिरातीचा. मालिकेचा प्रश्न भावाचा आहे. तो चुकला तर शेवटच्या भागातली कोर्टातली कबुली ओढूनताणून आणल्यासारखी वाटते, आणि अनेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

ठरलेलं आणि मोकळं: पात्रांचे दोन रकाने

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ज्यांचं पुढे काय होतं ते मूळ मालिकेनं आधीच सांगितलंय अशी पात्रं, उजवीकडे ज्यांच्याबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं अशी. ‘ब्रेकिंग बॅड’ 2013 मध्येच संपली होती, त्यामुळे गुन्हेगारी धंद्यातले माइक आणि गस फ्रिंग डावीकडे. ते मरणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिमीची सहकारी वकील आणि पुढे बायको किम वेक्सलर, भाऊ चक, फर्ममधला वकील हॉवर्ड आणि टोळीतला नाचो उजवीकडे. नाचोचं नाव मूळ मालिकेत जाता जाता एकदा येतं, पण त्याचं झालं काय हे तिथे कळत नाही.

जिमी मात्र दोन्हीकडे बसतो. ‘ब्रेकिंग बॅड’पर्यंतचा ठरलेला, त्यानंतरचा मोकळा. तो मोकळा तुकडा म्हणजे ओमाहातल्या मॉलमधला, मिशी ठेवून, नाव बदलून दालचिनीचे रोल विकणारा जीन, म्हणजे जिमीच. पहिल्या पाच हंगामांची सुरुवात याच काळ्या-पांढऱ्या दृश्यांनी होते. हा भाग नसता तर शेवटाला घडवायला काही उरलंच नसतं. प्रीक्वेल असलेल्या, म्हणजे मूळ मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या, स्पिन-ऑफकडे असा मोकळा तुकडा आहे का, हे आधी तपासा.

दोन रकान्यांना मापं वेगळी. उजवीकडच्यांना विचारा: याचं काय झालं? डावीकडच्यांना विचारा: जे होणार हे ठाऊक होतं, त्याचा अर्थ बदलला का? ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग रोज पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अण्णा नाईकांचा मृत्यू पहिल्या भागातच झाला होता, तरी 2019 मध्ये लोक मागची गोष्ट पाहायला बसलेच.

‘यंग शेल्डन’ हे डाव्या रकान्याचं सर्वात स्वच्छ उदाहरण. शेल्डन 14 वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, हे ‘द बिग बँग थिअरी’त सांगून झालं होतं. तिथे ते वडील किश्श्यांपुरतेच आणि फारसे बरे नसलेले. सात हंगामांत स्पिन-ऑफनं त्यांना घरासाठी राबणारा, थकलेला, प्रेमळ माणूस करून ठेवलं. मे 2024 मध्ये मृत्यूची बातमी दारात येते तेव्हा घटना तीच असते, वजन वेगळं. शेल्डन त्या सकाळी वडिलांशी धड बोललेला नसतो, आणि तोच क्षण मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहतो. मूळ मालिकेत वडिलांवर व्यभिचाराचा ठपका होता. तो दूर करायला लेखकांनी विग घातलेल्या आईचा प्रसंग रचला. ठिगळ दिसतं, पण फाटलेलं शिवलंय हे मान्य करावं लागतं.

शेवटचा निर्णय कुणाचा?

सगळ्या पद्धतीतलं हे सर्वात वजनदार पाऊल, इथे वेळ घ्या. प्रत्येक पात्रासमोर त्याची शेवटची महत्त्वाची घटना लिहा आणि तिच्यापुढे ‘केलं’ किंवा ‘झालं’ असा शिक्का मारा. मुख्य पात्रापुढे ‘झालं’ असेल तर शेवट कितीही देखणा असो, कुठेतरी पाणी मुरतंय.

जिमीचं पाहा. कचऱ्याच्या पेटीत लपलेला पकडला जातो, हे ‘झालं’. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागात तो मॉलच्या कचराखोलीत अडकला होता आणि पोलिसांना वर्दी जाईल म्हणून आपत्कालीन दार न उघडता बसून राहिला होता, त्याचा हा पडसाद. मालिका इथे थांबली असती तर शिक्का ‘झालं’चाच राहिला असता. पण पुढे तो सरकारी वकिलांना घोळात घेतो. जन्मठेप आणि वर 190 वर्षं इथून सुरू झालेला सौदा सात-आठ वर्षांवर आणतो. म्हणजे सॉल गुडमन जिंकतो. आणि मग भर कोर्टात किमसमोर तो सौदा स्वतःच मोडतो, ‘ब्रेकिंग बॅड’चा नायक वॉल्टर व्हाइट याच्या ड्रग्जच्या धंद्यातला आपला वाटा कबूल करतो, आणि शिक्षा होते 86 वर्षांची. इथे ‘केलं’.

आता किंमत मोजा. त्यानं काय सोडलं हे आकड्यात सांगता येतं का? इथे येतं. सात-आठ आणि 86 यांतला फरक. म्हणूनच आधीची लांबलचक सौदेबाजी लागते, ती काढली तर कबुली फुकटची होते. मग वहीतली पहिली ओळ काढून ताडून पाहा. कबुलीत तो चकचा व्यावसायिक विमा आपणच अडचणीत आणल्याचा विषय काढतो. ते कलमात बसणारा गुन्हाच नव्हता, असं त्याचा वकील म्हणतो. जिमी म्हणतो, होता. त्याच वेळी दारावरच्या लाल पाटीची घरघर ऐकू येते. वीज सहन न होणाऱ्या चकची उलटतपासणी झाली त्या तिसऱ्या हंगामाच्या पाचव्या भागातही अशीच पाटी होती. न्यायाधीशांना तो आपलं नाव मॅकगिल असल्याचं सांगतो. पहिल्या ओळीला उत्तर मिळालं. भाऊ ऐकायला नाही, हेच त्यातलं दुखणं.

‘एंजल’मध्येही हीच कसोटी लागू पडते. 19 मे 2004 चा शेवट अनेकांना अर्धवट वाटतो: गल्लीत पाऊस, समोर राक्षसांची फौज, आणि लढाई सुरू होते तोच पडदा. पण पहिल्या हंगामाच्या अखेरीस एंजल या रक्तपिपासू व्हँपायरला पुन्हा माणूस होण्याचं भाकीत मिळालेलं असतं, आणि शेवटच्या भागात तो त्या भाकितावर स्वतःच्या हातानं सही करून पाणी सोडतो. प्रश्न बक्षिसाचा होता. बक्षिसाशिवायही लढणार का? उत्तर आलं, मग लढाई कोण जिंकलं हे दाखवायची गरज उरत नाही. मालिका बंद होणार हे त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालं होतं, तरी एवढं बांधेसूद जमवलं.

पात्र मेलं तर? मृत्यूला ‘झालं’ म्हणू नका, त्याच्या आधीचं कृत्य शोधा. नाचो सहाव्या हंगामाच्या तिसऱ्या भागात मरतो, पण बापाला वाचवायला आणि स्वतःच्या हातानं: ‘केलं’. हॉवर्ड सातव्या भागात मरतो तेव्हा तो फक्त चुकीच्या घरी उभा असतो: ‘झालं’. ही उणीव नव्हे. त्या निरर्थक मृत्यूमुळेच किम आणि जिमीचा संसार मोडतो. ‘झालं’चा शिक्का आला तर तो कुणाच्या खात्यावर चढलाय, ते बाण काढून दाखवा.

प्रत्येकाचा शेवट शेवटच्या भागात नसतो

मोठ्या ताफ्याची मालिका सगळ्यांना एकाच भागात निरोप देऊ लागली की लग्नातल्या आहेर-रांगेसारखं होतं. म्हणून प्रत्येकाचा खरा शेवट कुठल्या भागात पडला, ते नोंदवा. गसचा सहाव्या हंगामाच्या नवव्या भागात: वाइन बारमधल्या एका माणसाशी गप्पा रंगतात, चेहरा उजळतो, आणि तो उठून निघून जातो. माइकचाही तिथेच. नाचोच्या वडिलांना तो न्याय मिळेल असं सांगायला जातो, आणि ते म्हणतात की तू बोलतोस तो सूड आहे. किमचा शेवट मात्र तीन तुकड्यांत आहे. नवव्यात ती वकिली आणि जिमी दोन्ही सोडते, बाराव्यात हॉवर्डच्या विधवेला सगळं लेखी सांगते, आणि तेराव्यात फ्लोरिडात मोफत कायदेमदत केंद्रात काम करू लागते. तीच तुरुंगात भेटायला येते, मुदतीची तारीख नसलेल्या जुन्या वकिली ओळखपत्रावर. बाकी कैदी त्याला सॉल म्हणतात, ती जिमी. दोघं एक सिगारेट वाटून ओढतात, आणि काळ्या-पांढऱ्या चौकटीत रंग असतो फक्त ज्योतीला.

तेरावा भाग एकटा पाहून किमच्या वाट्याला काहीच आलं नाही म्हणणाऱ्यांनी बारावा नीट पाहिलेला नसतो.

पाहुण्यांची चाचणी

मूळ मालिकेचे नट हजेरी लावायला येतातच. चाचणी सोपी: ते दृश्य मनातल्या मनात कापा आणि मुख्य पात्राचा निर्णय तसाच राहतो का, ते पाहा. तळघरातल्या वॉल्टला जिमी प्रश्न विचारतो, काळयंत्र मिळालं तर काय करशील? तसाच प्रश्न आधी माइकला विचारलेला असतो, आणि चकच्या दृश्यात त्याच नावाची कादंबरी हातात दिसते. तिन्ही मिळून पश्चात्तापाचा एकच धागा. वॉल्टला कापलं तर धागा तुटतो, म्हणजे तो पास. मेरी श्रेडर सरकारी वकिलांबरोबरच्या बैठकीत येते तेव्हा मेलेल्या नवऱ्याचं, हँकचं, दुःख तिच्या तोंडून ऐकू येतं, तीही पास. अकराव्या भागातलं व्हॅनमधलं वॉल्ट आणि त्याचा साथीदार जेसी यांचं दृश्य मात्र कापलं तरी फार बिघडत नाही. ते चाहत्यांसाठीचा खाऊ आहे, असं आमचं मत.

कुठे गल्लत होते

दुःखद म्हणजे असमाधानकारक, हा पहिला घोळ. दुसरा, सुटलेले धागे मोजत बसणं. धागा पहिल्या ओळीशी जोडलेला नसेल तर तो सुटला काय आणि राहिला काय. तिसरा घोळ पाहण्याच्या वेगाचा. सहावा हंगाम एप्रिल 2022 मध्ये सुरू झाला, मेअखेरीस थांबला आणि 11 जुलैला पुन्हा आला. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्यांना जीनचे शेवटचे चार भाग संथ वाटले, सलग पाहणाऱ्यांना तेच घट्ट वाटतात. मत देताना आपण कसं पाहिलं तेही लिहा. पहिल्या रात्रीचे अश्रू धरू नका. दोनेक आठवडे जाऊ द्या, मग शेवटचा भाग एकदा पुन्हा लावा आणि शिक्के बदलावेसे वाटतात का, ते पाहा.

राहता राहिला पुन्हा उघडलेला शेवट. ‘फ्रेझर’ 1993 मध्ये वडील मुलाच्या घरी राहायला येतात तिथून सुरू झाली. 13 मे 2004 ला, 264 भागांनंतर, वडील लग्न करून घराबाहेर पडतात आणि फ्रेझर ठरलेली नोकरी सोडून प्रेयसी शार्लटसाठी शिकागोला उतरतो. निर्णय त्याचा, किंमत स्पष्ट, वर्तुळ पूर्ण. 2023 मध्ये मालिका परत आली तेव्हा ते नातं तुटलेलं होतं. अशा वेळी वहीत दोन नोंदी करा: 2004 चा शेवट त्याच्या प्रश्नाशी ताडून, आणि नव्या मालिकेचा तिच्या पहिल्या भागातल्या प्रश्नाशी. नवी मालिका दोन हंगामांतच थांबली, त्यामुळे दुसऱ्या नोंदीला फार वेळ लागणार नाही.