मूकपटात चित्र उडतं तेव्हा काय बघायचं

फिल्म हातात धरून कापायच्या काळात मी संकलन शिकले. त्यामुळे मूकपट बघताना माझं लक्ष आधी जोडांकडे, म्हणजे फिल्मचे दोन तुकडे जिथे चिकटवलेत त्या जागांकडे जातं. मध्येच चित्र उडतं, माणूस इथून एकदम तिथे दिसतो आणि बहुतेक जण ‘जुनी प्रिंट आहे’ म्हणून पुढे जातात. कृपा करून पुढे जाऊ नका. ती उडी दिग्दर्शकाने मुद्दाम घेतलेली असेल, सेन्सॉरच्या कात्रीने पडली असेल किंवा फिल्म झिजून तुटल्याने आली असेल. थोड्या सरावाने हे ओळखू यायला लागतं.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’पासून (१९१९) करा. त्यांच्या चित्रपटांपैकी हाच बराचसा सलग उरला आहे.

आधी वेग नीट लावा. त्या वेळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणजे ८ सुटी चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटातही १६च फ्रेम बसतात. म्हणजे मूकपटाच्या वेगाने एक फूट फिल्म बरोबर एक सेकंद चालते. हे गणित पाठ करून टाका, पुढे लागेल. इंटरनेटवरच्या पुष्कळ प्रती २४ फ्रेमच्या वेगाने चालतात आणि माणसं उगाच तुरुतुरु पळतात. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.६७ करून बघा. चाल माणसासारखी वाटेपर्यंत कमीजास्त करा, कारण हँडल फिरवणारा हात प्रत्येक प्रसंगात सारखाच चालायचा असं नाही. नंतर चढवलेलं संगीत बंद करा.

एकदा सलग बघून झालं की उडीच्या जागी परत या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. मागची भिंत, झाड, खांब जागच्या जागी आहेत, बाकीचे नट त्याच पवित्र्यात आहेत आणि एकच गोष्ट नाहीशी झाली किंवा बदलली, तर ती युक्ती. कॅमेरा न हलवता हँडल थांबवायचं, नटांनी होते तसे उभे राहायचं, वस्तू उचलायची आणि पुन्हा फिरवायला लागायचं. बारकाईने बघितलंत तर शेजारच्या नटाचा हात बोटभर सरकलेला सापडतो. शंभर वर्षांपूर्वी श्वास रोखून उभा राहिलेला तो माणूस दिसला की मला फार आनंद होतो.

दुसरी युक्ती उडी न मारणारी आहे, म्हणून जास्त अवघड. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) भेदरलेल्या कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं. असल्या दृश्यांसाठी काळ्या पडद्यापुढे एकदा चित्रण करायचं, हँडलचे फेरे मोजून फिल्म मागे घ्यायची आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायचं. फेरा चुकला की सगळं वाया. इथे जोड शोधू नका. आकृतीच्या कडा बघा, तिच्यातून मागचं काही आरपार दिसतंय का ते बघा.

आता कात्री. इथे तारखा लक्षात ठेवाव्याच लागतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा आपल्याकडे चित्रपटांच्या सेन्सॉरचा कायदाच नव्हता. कायदा आला १९१८ मध्ये आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे मंडळं बसली. कात्रीची खूण अशी, की उडीबरोबर माणसांच्या जागा, उजेड, कृती सगळंच बदलतं आणि पुढची पाटी (दृश्यांच्या मध्ये येणारा लिखित मजकूर) न दिसलेल्या घटनेबद्दल बोलते. पाट्यांचं अक्षर मध्येच वेगळं दिसलं तरी सावध व्हा. एखाद्या जुन्या कागदात २० फूट कापल्याची नोंद मिळाली तर वरच्या गणिताने तिथे २० सेकंद गेले.

पण सेन्सॉर फक्त तुकडेच काढत असे असं नाही. ‘भक्त विदुर’मधला (१९२१) विदुर गांधीजींसारखा दिसत होता. त्या चित्रपटावर मद्रास आणि कराचीत बंदी आली. प्रभातच्या मूकपटाचं ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव बदलून ‘उदयकाल’ (१९३०) करावं लागलं. म्हणून चित्रपटाचं आधीचं नावही शोधत चला. चित्रपटांची चौकशी करणाऱ्या टी. रंगाचारियर यांच्या सरकारी समितीपुढच्या (१९२७-२८) साक्षी छापलेल्या आहेत, त्यात फाळक्यांचीही आहे. ती वाचाच.

झीज ओळखणं सोपं. उडीच्या आधीपासून ओरखडे आणि डाग वाढत जातात, कधी चित्र विरघळल्यासारखं होतं. रिळाच्या टोकांना हे जास्त. हजार फुटांचं रीळ पावणेसतरा मिनिटांच्या आत संपतं, त्या सुमाराच्या उड्या आधी झिजेच्या खात्यात टाका.

प्रत्येक उडीची वेळ, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये काय बदललं, हे वहीत लिहा. ठरत नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि त्याच चित्रपटाची दुसऱ्या प्रिंटवरून काढलेली प्रत मिळते का बघा. तिच्यात त्या जागी चित्र सलग चालत असेल, तर युक्तीवर काट मारा.